शिलाई मशीनच्या स्टँडवरची पायकरवत

आमच्या कोकणात गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात दोन गोष्टी हमखास होतात: मखराची घाई आणि विजेचा लपंडाव. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून आमच्या घरातलं मखर ६ मिमी प्लायवूडचं होतं: महिरप, वेलबुट्टी, दोन्ही बाजूंना जाळी. हातातल्या फ्रेटसॉने (बारीक पात्याच्या कमानी करवतीने) एक जाळी कोरायला दोन संध्याकाळी जायच्या आणि मनगट आठवडाभर दुखायचं. विजेवरची स्क्रोल सॉ (वळणदार नक्षी कापायची करवत) घ्यावी असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी नेमकी कापायच्या दिवसांत वीज गेलेली असायची.

आईच्या पायमशीनच्या मुंडीला मोटर बसली आणि ती टेबलावर गेली, तेव्हा खालचा बिडाचा स्टँड माळ्यावर पडून राहिला. त्याची करवत झाली. तिला घरात सगळे पायकरवत म्हणतात. तशीच तुम्हाला करता यावी म्हणून हे लिहितो आहे. सुतारकाम येत नसलं तरी चालेल, मात्र गुण्या (काटकोन तपासायचं साधन), ड्रिल आणि साधी करवत हातात धरायची सवय हवी. दोन-तीन भाग लेथवाल्याकडून करून घ्यावे लागतील.

आधी हे ठरवा: कुठली करवत पायावर चालते?

पायावर चालणारी करवत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोल पात्याची करवत येते. सायकलचं पेडल, चेन, वर ७ इंची चक्री. हा नाद सोडा. सायकल चालवताना साधा धडधाकट माणूस बराच वेळ टिकेल अशी ताकद देतो ती ७५ वॅटच्या आसपास. हातातली ७ इंची सर्क्युलर सॉ १००० ते १४०० वॅट खाते. म्हणजे पंधरा माणसांचं काम एकट्याने करायचं. चक्री फिरेलही, पण लाकडात शिरली की अडकेल, आणि अडकलेल्या चक्रीतून लाकूड उलट अंगावर येतं.

उलट, बाजारात मिळणाऱ्या छोट्या स्क्रोल सॉची मोटर ९० ते १२० वॅटची असते. हिचं ब्लेड दोऱ्यासारखं बारीक, वर-खाली चालणारं, एका वेळी भुसा काढतं तो चिमूटभर. हे माणसाच्या पायाच्या आवाक्यातलं काम आहे. आणि ही काही नवी अक्कल नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावची बार्न्स कंपनी १८७० च्या दशकापासून पायाने चालणारी लाकूडकामाची यंत्रं विकत होती आणि त्यांत स्क्रोल सॉ होती. वाफेचं इंजिन न परवडणाऱ्या छोट्या कारखान्यांचं काम त्यांवर निघायचं. आपल्याकडे तर पायमशीन घरोघरी होतं. म्हणजे अर्धी करवत तयारच आहे, फक्त सुईच्या जागी ब्लेड बसवायचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण मला ती तीन डझन ब्लेडं तोडल्यावर कळली. ही करवत पायाच्या जोरावर चालत नाही. ती चालते ती दोन दांडे समांतर असण्यावर आणि ब्लेड नीट पकडलेलं असण्यावर. जुळणी चुकली की कितीही पाय मारा, ब्लेडच तुटत राहील. म्हणून स्टँड-चाकाच्या भागात फार वेळ घालवू नका. वेळ राखून ठेवा दांड्यांसाठी आणि पकडीसाठी.

स्टँड

बिडाचाच घ्या. पत्र्याचे किंवा अँगलचे घडीचे स्टँड हलके असतात. करवत सुरू झाली की ते खोलीभर चालायला लागतात. घरात नसेल तर गावातल्या शिंप्याला विचारा. मोटरवर गेलेल्या प्रत्येकाच्या मागच्या दारी एखादा पडलेला असतो. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका.

घेताना तीन गोष्टी बघा. मोठं चाक हाताने फिरवून सोडलं तर पाच-सहा फेरे तरी मोकळं फिरलं पाहिजे. चाकाला डावी-उजवी डुगडुग नको. आणि पायडलला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या दोन्ही टोकांना खुळखुळा नको. थोडा असेल तर तिथले स्क्रू आवळून आणि मशीनचं तेल सोडून जातो. बिडाला तडा गेलेला असेल तर सोडून द्या. बीड साध्या वेल्डिंगने नीट जुळत नाही. त्याच कारणाने स्टँडला नवीन भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका. वरची फळी ज्या भोकांवर बसलेली असते तीच वापरा. आणि हातोडी लांब ठेवा, बीड वाकत नाही, सरळ तडकतं.

जुनी फळी काढून तिच्या जागी १८ मिमी प्लायवूडची नवी फळी बसवायची: रुंदी ६० सेमी, खोली ६५ सेमी. पुढची कड स्टँडच्या पुढच्या कडेबरोबर ठेवली की मागे वीसएक सेमी बाहेर येते. त्या भागाला खालून लाकडाचे दोन तिरके टेकू द्या. स्टँडच्या खालच्या आडव्या दांडीवर आम्ही जांभ्याचे दोन चिरे ठेवले आहेत. घाटावर असाल तर वाळूच्या पिशव्या ठेवा. वजन खाली असलं की सगळं शांत होतं.

शाफ्ट, पुली आणि फ्लायव्हील

मोठं चाक आहे तिथेच राहील. त्याच्यावरून वादी वर येऊन एका छोट्या पुलीला फिरवेल, पुली एका शाफ्टवर, आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तबकडी, जी ब्लेडला वर-खाली करेल. एवढंच यंत्र.

वेग किती मिळेल हे आधी काढा. मोठ्या चाकाच्या खाचेत सुतळी गुंडाळून घेर मोजा. आमच्या स्टँडचं चाक साधारण ३० सेमी व्यासाचं आहे. छोटी पुली ७.५ सेमीची केली, म्हणजे चौपट. पाय मिनिटाला ७० ते ८० वेळा आरामात चालतो. त्याचे वर ३०० च्या आसपास फेरे झाले, म्हणजे ब्लेडचे तेवढे वार. विजेची स्क्रोल सॉ याहून बरीच जोरात चालते, पण ३०० ला ६ मिमी प्लाय व्यवस्थित कापला जातो आणि रेषाही हातात राहते. लोभाने पुली ४ सेमीची केलीत तर वेग वाढेल, जोर पळेल आणि गुडघा बोलायला लागेल.

शाफ्ट २० मिमी ब्राइट बारचा (गुळगुळीत गोल लोखंडी सळईचा), ३५ सेमी लांब. त्याला दोन पी-२०४ पेडेस्टल बेअरिंग, म्हणजे बोल्टने बसवायच्या पायासकट येणारी. ही बेअरिंग फळीच्या खालच्या अंगाला, ८ सेमी उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर उलटी टांगायची. शाफ्ट डावी-उजवीकडे आडवा, फळीच्या पुढच्या कडेपासून ३० सेमी आत. उजव्या टोकाला पुली, बरोबर मोठ्या चाकाच्या वर, कारण वादी तिरकी चालली तर घसरून पडते. डावं टोक फळीच्या मध्यावर येईल. त्या टोकाला तबकडी. दोन बेअरिंगच्या मध्ये फ्लायव्हील.

फ्लायव्हील म्हणजे काय हे ज्याने कडबाकुट्टीचं जड चाक फिरवलंय त्याला सांगायला नको. पाय खाली जाताना दिलेला जोर ते साठवतं आणि पाय वर येताना परत देतं. मोठं चाक आहे की, मग आणखी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण मोठं चाक हळू फिरतं. साठवलेली ताकद वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून तेच वजन चौपट वेगाच्या शाफ्टवर बसवलं की सोळापट कामाला येतं. व्यायामाच्या वजनांतली ५ किलोची बिडाची चकती मिळते. तिच्या भोकात बसेल अशी, आत २० मिमी भोक असलेली बुश (लोखंडी नळी) लेथवाल्याकडून करून घ्या आणि दोन ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) शाफ्टला पक्की करा. चकतीचा व्यास २२ सेमीच्या आत ठेवा, नाहीतर ती वर फळीला घासेल.

तबकडी हा लेथवाल्याकडचा दुसरा भाग. ५ किंवा ६ सेमी व्यासाची, १२ मिमी जाड लोखंडी चकती. तिच्यात केंद्रापासून मोजून १० मिमीवर एम-८ चे (८ मिमी बोल्टचे) आटे पाडायला सांगा, मग चकती शाफ्टच्या तोंडावर वेल्ड करायला सांगा. क्रम उलटा झाला तर वेल्डिंग झालेल्या शाफ्टसकट ड्रिलखाली कसरत करावी लागते. हे १० मिमी महत्त्वाचे आहेत. त्या आट्यांत बसणारा खिळा केंद्रापासून १० मिमीवर म्हणजे तबकडीला खालच्या दांड्याशी जोडणारी जोडपट्टी २० मिमी वर-खाली होते, आणि ती दांड्याला मध्यावर जोडल्यामुळे टोकाला ब्लेड ४० मिमी चालतं.

वादी शिलाई मशीनचीच, चामड्याची गोल. नवीन शाफ्ट मूळ मशीनच्या चाकापेक्षा खाली आहे, म्हणून ती आखूड करून तारेची पिन नव्याने मारावी लागेल. जरा सैल ठेवा. ब्लेड लाकडात अडकलं की वादी घसरते आणि सगळं वाचतं. फारच घसरत असेल तर राळेची चिमूट लावा. वादी ओढून ताठ करणं हा शेवटचा उपाय.

दांडे

आता खरं काम. वरचा आणि खालचा असे दोन दांडे, मध्ये खांब, पुढे ब्लेड, मागे ताण देणारी सळई. खांबाचे दोन आणि ब्लेडचे दोन असे चारही सांधे मिळून एक चौकोन होतो. समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या असल्या तर ब्लेड वर-खाली जाताना उभंच राहतं. ४० सेमी लांब दांड्यावर ब्लेडचं मागे-पुढे होणं जेमतेम अर्धा मिमी भरतं, ते हाताला कळतही नाही. पण बाजू सारख्या नसतील तर प्रत्येक फेऱ्याला ब्लेड एकदा ताणलं जातं आणि एकदा सैल होतं. ते किती टिकेल ते तुम्हीच ठरवा.

लाकूड सरळ धाग्याचं सागवान. पॅकिंगच्या पेटीतलं पाइन चालत नाही, गाठीशी फाटतं. दोन तुकडे, प्रत्येकी ६० सेमी लांब, २० मिमी जाड, खांबापाशी ४५ मिमी उंच. पुढच्या टोकाकडे रंध्याने निमुळते करत ३० मिमीवर आणा. पुढच्या टोकाचं वजन मिनिटाला ३०० वेळा वर जातं आणि थांबून खाली येतं, तिथली प्रत्येक गुंज तुमच्या पायाला लागते.

भोकं पाडताना दोन्ही दांडे एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळा आणि एकाच वेळी दोघांतून ड्रिल घाला. सगळी करवत या एका सवयीवर उभी आहे. वेगवेगळी मोजून पाडलेली भोकं कधीच जुळत नाहीत, माझीही जुळली नव्हती. पुढच्या टोकापासून ३ सेमीवर पहिलं भोक, तिथून ४० सेमीवर खांबाचं, तिथून १२ सेमीवर ताणसळईचं. जोडपट्टीचं भोक फक्त खालच्या दांड्याला, खांबापासून २० सेमी पुढे.

खांबाच्या भोकात दोन्ही बाजूंनी ६०८ नंबरचं बेअरिंग बसवायचं. ते ८ मिमी भोकाचं आणि बाहेरून २२ मिमी असतं. ७ मिमी खोल खाच करून दाबून बसवा, वर ८ मिमीचा बोल्ट. बेअरिंग न घालता नुसत्या बोल्टवरही चालतं, पण महिन्याभरात भोक अंडाकृती होतं.

खांब म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, ३० × ६० मिमी सागवान, फळीपासून २५ सेमी उंच, मध्ये दांडा अडकणार नाही एवढं अंतर आणि दोन्ही बाजूंना वायसर. खालच्या दांड्याचा बोल्ट फळीपासून ६ सेमी उंचीवर, वरच्याचा त्याच्या १६ सेमी वर. हे १६ सेमी लक्षात ठेवा, पुढे ब्लेडच्या दोन पिनांमधलं अंतरही तेवढंच यायला हवं. खांब फळीच्या पुढच्या कडेपासून ५० सेमीवर येतो. फळीला तो लोखंडी एल-पट्ट्या आणि आरपार बोल्टने जोडा. नुसते स्क्रू मारले तर चार दिवसांत सैल पडतात.

मागची ताणसळई ८ मिमी आट्यांची, वरच्या टोकाला विंग नट (हाताने फिरवायचा, दोन कानांचा). मागची टोकं जवळ ओढली की पुढची टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि ब्लेड ताणलं जातं. नट आणि दांडा यांच्यामध्ये अर्धगोल वायसर किंवा लाकडाचा गोल तुकडा ठेवा, म्हणजे दांडा कलताना सळई वाकत नाही.

जोडपट्टी २० × ५ मिमी लोखंडी पट्टीची, दोन भोकांमधलं अंतर १९ सेमीच्या आसपास. आसपास म्हणतो, कारण ते जागेवर मोजून घ्यायचं. तबकडीचा खिळा शाफ्टच्या बरोबरीच्या उंचीवर आणून ठेवा, खालचा दांडा पातळीत धरा आणि मधलं अंतर मोजा. तिच्यासाठी फळीत ३ सेमी रुंद, ६ सेमी लांब खाच पाडावी लागेल. दोन्ही टोकांना पितळी बुश.

पकड

नवख्या माणसाचं ब्लेड तुटतं तेव्हा तो म्हणतो, लाकूड कठीण होतं. तुटलेलं टोक बघा. पकडीच्या अगदी काठावर तुटलं असेल तर लाकडाचा काही दोष नाही. दांडा वर-खाली होताना थोडा कलतो. पकड दांड्याला घट्ट खिळलेली असेल तर तीही कलते आणि ब्लेड दर फेऱ्याला त्याच जागी वाकतं. तार हाताने दहा वेळा वाकवून तोडतो ना, तसंच. म्हणून पकड दांड्यात झोपाळ्यासारखी मोकळी हलली पाहिजे.

दांड्याच्या पुढच्या टोकाला करवतीने मधोमध उभी खाच घ्या, ८ मिमी रुंद, ५ सेमी आत. पकडीसाठी १६ मिमी रुंद, ३ मिमी जाड, ३० मिमी लांब अशा लोखंडी पट्टीचे चार तुकडे, म्हणजे दोन जोड्या. प्रत्येक जोडीच्या एका टोकाला, पुढच्या कडेपासून ५ मिमीवर, दांड्याच्या पिनचं ५ मिमी भोक. दुसऱ्या टोकाकडे, मागच्या कडेपासून ५ मिमीवर, आवळायच्या बोल्टचं भोक. ब्लेड या बोल्टच्या पुढून जातं आणि पिनच्या भोकाच्या बरोबर सरळ रेषेत येतं. ती रेष पट्टीच्या आतल्या अंगाला टोकदार खिळ्याने ओढून ठेवा. ब्लेड रेषेच्या पुढे-मागे बसलं तर ताण देताच पकड कलंडते. बोल्टच्या मागच्या बाजूला जुन्या ब्लेडचा बोटभर तुकडा कायमचा अडकवा, म्हणजे दोन्ही पट्ट्या सारख्या दाबल्या जातात आणि ब्लेड सटकत नाही. पट्ट्यांचा आतला अंग कानशीने घासून खरखरीत करा. तेलाचा हात लागला असेल तर आधी पुसा.

ब्लेड १३० मिमीचं, पिन नसलेलं, फ्रेटसॉचं. हार्डवेअरच्या दुकानात डझनाच्या जुडीत मिळतं. दोन्ही टोकांना १० मिमी पकडीत गेलं की पिनपासून पिनपर्यंत १६ सेमी येतं. दात खाली, आणि तोंड तुमच्याकडे. उलटं लावणं ही पहिल्या दिवसाची ठरलेली चूक आहे: करवत चालते, भुसा पडत नाही, लाकूड मात्र उड्या मारतं.

टेबल आणि दाबपट्टी

१२ मिमी प्लायचा ३० × ३० सेमी तुकडा, फळीपासून वरची बाजू १२ सेमी उंच, चार ठोकळ्यांवर. मध्ये ६ मिमी भोक आणि पुढच्या कडेपासून भोकापर्यंत करवतीची एक चीर, म्हणजे लावलेलं ब्लेड न काढता टेबल बसवता येतं. वर प्लायवर मेणबत्ती घासा, लाकूड सरकतं.

बसायला नेहमीची खुर्ची बुटकी पडेल. ५५ ते ६० सेमीचं स्टूल घ्या. कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे, नाहीतर तासाभरात खांदे भरतात.

ब्लेड वर जाताना लाकडाला बरोबर घेऊन जातं. मशीनमध्ये कापड दाबायला जशी पट्टी असते तशीच इथेही लागते. खांबाला बसवलेल्या लाकडी आडव्या दांडीच्या टोकाला पत्र्याची छोटी पट्टी, मध्ये ब्लेडसाठी इंग्रजी यू सारखी खाच. लाकडाच्या जाडीप्रमाणे वर-खाली करता आली पाहिजे. पट्टी लावायचा कंटाळा केला तर काम दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं आणि मग वळणं बिघडतात.

पहिल्यांदा चालवताना

ब्लेड आणि वरचा दांडा न लावता आधी नुसता खालचा दांडा चालवा. कुठे काही घासतंय का, कुठे ठोका बसतोय का, कान देऊन ऐका. तबकडीचा खिळा सैल असेल तर टकटक येते. मगच पुढचं लावा.

पायडलवर दोन्ही पाय ठेवा, एक थोडा पुढे, एक मागे. टाच आणि चवडा आळीपाळीने दाबायचे. सुरुवात हाताने: मोठं चाक थोडं फिरवून सोडा आणि पायाने पकडा. पाय अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला, मृत जागी (जिथून नुसत्या पायाने चाक फिरत नाही) अडकतो तेव्हा जोर लावू नका, चाक हातानेच पुढे ढकला. शिवणारीला चाक उलटं फिरून चालत नाही, दोरा तुटतो. इथे चाक कुठल्याही बाजूला फिरलं तरी ब्लेड वर-खालीच करतं. शिवण शिकताना ज्यांनी बोलणी खाल्ली आहेत त्यांना याचं विशेष सुख वाटतं. आई पहिल्यांदा बसली तेव्हा पाचव्या मिनिटाला माझ्यापेक्षा सरळ कापत होती. तीस वर्षांचा पाय तिचा.

ताण किती? ब्लेड बोटाने छेडा. एकतारीसारखा स्वच्छ सूर यायला हवा. 'थप' असा आवाज आला तर सैल. सूर येईपर्यंत विंग नट पाव-पाव फेरा फिरवा.

ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का हे गुण्याने बघाच, पण खरी परीक्षा अशी. २०-२५ मिमी जाडीच्या तुकड्यात बोटभर चीर घ्या. तुकडा न उलटता टेबलावरच फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या आणि तीच चीर मागून ब्लेडवर सरकवा. सहज सरकली तर काटकोन बरोबर. अडली तर टेबलाच्या ठोकळ्याखाली कागदाची घडी घाला आणि पुन्हा बघा.

चालवताना अंगात लुंगी नको, ओढणी आणि पदर खोचलेला असावा. फ्लायव्हील आणि तबकडीवर पत्र्याचं किंवा प्लायचं झाकण हवंच. ५ किलोचं चाक बोटाची वाट बघत थांबत नाही. घरात लहान मुलं असतील तर काम संपल्यावर वादी काढून खुंटीला लावा. मुलांना पायडल म्हणजे झोपाळा वाटतो. प्लाय आणि एमडीएफच्या (भुसा दाबून केलेल्या फळीच्या) भुशासाठी नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा.

कापणं

६ मिमी प्लायला ३ ते ५ नंबरचं ब्लेड, १८ मिमी लाकडाला ७ ते ९. नियम सोपा: लाकडाच्या जाडीत किमान तीन दात बसले पाहिजेत. दात विरळ असले तर पातळ प्लाय फाटतो. २० मिमीहून जाड लाकूड या करवतीवर कापू नका. जागा आहे म्हणून घालाल, पण पाय आणि ब्लेड दोघंही कंटाळतील.

नवीन माणूस लाकूड ढकलतो. ढकलायचं नाही, ब्लेडकडे नेऊन ठेवायचं. ६ मिमी प्लायवर फूटभर रेषेला अडीच-तीन मिनिटं लागतात, ती लागू द्या. ब्लेड मागे वाकलेलं दिसलं की समजा तुम्ही घाईत आहात.

हे ब्लेड रेषेवरून एका बाजूला ओढतं असं वाटेल. त्यात तुमचा हात दोषी नाही. पत्र्यातून ठोकून दात काढताना एका अंगाला बारीक धार राहते, म्हणून ब्लेड त्या बाजूला जास्त कापतं. लाकूड थोडं तिरकं धरून चाला, दोन दिवसांत तो कोन हाताला पाठ होतो.

टोकदार कोपऱ्यात लाकूड पुढे न ढकलता पाय चालू ठेवा आणि जागेवरच लाकूड हळूहळू फिरवा. ब्लेड आपल्यापुरती जागा कोरतं. पाय थांबवून फिरवलं तर ब्लेड पिळवटून तुटतं. जाळीतल्या आतल्या भोकांसाठी आधी ३ मिमी ड्रिलने भोक पाडा, वरची पकड सोडा, ब्लेड भोकातून ओवा, पुन्हा पकडा. मखराच्या एका जाळीला हे तीस-चाळीस वेळा करावं लागतं. म्हणून वरच्या पकडीच्या बोल्टला पान्याऐवजी विंग नट लावा, ही सोय मी तिसऱ्या वर्षी केली आणि दोन वर्षं वाया गेली असं वाटलं.

पहिलं काम मखर नको. ६ मिमी प्लायचा हातभर तुकडा घ्या, त्यावर पेन्सिलीने सरळ रेषा, मग नागमोडी, मग आंब्याची कोयरी काढा. कोयरीचं वळण आणि टोक दोन्ही जमलं की बाकी सगळं जमतं. आमच्या बाजूला सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करत आले आहेत. हे मऊ, हलकं लाकूड मिळालं तर जाड तुकड्यावर हात बसवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही.

बिघडलं तर

ब्लेड पकडीपाशी तुटतं: पकड मोकळी हलत नाही किंवा पिनच्या रेषेत नाही. मधोमध तुटतं: ताण जास्त, नाहीतर घाई. पकडीतून सटकतं: तेल, किंवा मागचा तो बोटभर तुकडा पडलेला आहे. काप खाली तिरका जातो: टेबलाचा काटकोन गेला, किंवा ताण सैल आहे म्हणून ब्लेड पोटात फुगतं. कापताना वेग मरतो आणि पाय जड होतो तेव्हा आधी वादी बघा, मग बेअरिंगचे ग्रब स्क्रू. पुलीचा एक ग्रब स्क्रू ढिला पडल्यामुळे आम्ही एकदा अख्खी दुपार पायडल मारत बसलो होतो, वर शाफ्ट निवांत उभा होता.

पावसाळ्यात चामड्याच्या वादीला बुरशी येते. दसऱ्यानंतर काम संपलं की ताणसळई सैल करा, ब्लेड काढा, वादी उतरवून पुसून कोरड्या जागी टांगा आणि पायडलच्या दोन्ही टोकांना, मोठ्या चाकाच्या धुऱ्याला आणि जोडपट्टीच्या बुशांना तेलाचे दोन-दोन थेंब सोडा. उरलेल्या ब्लेडांची जुडी खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, आणि पुढच्या वर्षी लावायच्या आधी ती पुसायला विसरू नका.